दिवाणबेगी, दरोगा आणि खुनाची फिर्याद

'सफवी राजघराण्याच्या काळातल्या इराणात न्याय कोण करायचं, काझी की शहा?' असा प्रश्न आहे. लग्न, तलाक, वारसा, खरेदीखत असलं काही असेल तर काझी. खून पडला की मामला त्याच्या हातून जायचा.

1598 मध्ये शहा अब्बासनं राजधानी इस्फहानला हलवली. तिथल्या आली कापू राजवाड्याच्या देवडीवर दिवाणबेगी, म्हणजे शहाचा मुख्य न्यायाधीश, आठवड्यातले चार दिवस बसायचा, शेजारी धर्मखात्याचा प्रमुख सद्र. या दोघांपुढे चार गुन्हे यायचे: खून, बलात्कार, डोळा फोडणं आणि दात पाडणं. दात वाचून हसू येतं खरं, पण शरियतमध्ये दाताला दात हा हिशेब आहेच. थोडक्यात, निवाडा शरियतचा आणि दंडुका शहाचा.

गंमत पुढे आहे. गुन्हा शाबित झाला तरी आरोपीला फाशी द्यायला सरकार मोकळं नसे. फिर्याद मयताच्या वारसांची, म्हणून निर्णयही त्यांचाच. सतराव्या शतकात इराणात राहिलेला फ्रेंच जवाहिऱ्या शार्दाँ लिहितो की, दिवाणबेगी खुन्याला वारसांच्या हवाली करायचा. ते स्वतःच्या हातानं जीव घेत, किंवा रक्ताची किंमत घेऊन सोडून देत. त्यामुळे ऐपतदार खुनी बऱ्याचदा सुटायचा, हे उघड आहे.

चोऱ्यामाऱ्या, रात्रीची गस्त हे दरोग्याचं काम. त्याची कमाई दंडातून, तेव्हा त्याची नजर कुठे असेल ते सांगायला नको. बाजारात वजनात मारणाऱ्या दुकानदाराच्या गळ्यात जड फळी अडकवून, घंटा बांधून गावभर धिंड काढत.

आपले दिवाण, फिर्याद, दरोगा हे शब्द फारसीतूनच आले. 'दाद मागणं' यातला दादही तिकडचाच, अर्थ न्याय. पण नाव तेच म्हणून हुद्दाही तोच असं धरू नका. आपल्याकडचा दिवाण वेगळा.

आणि शहा कुठे दिसायचा? त्याच आली कापूच्या उंबरठ्यावर. तिथे जाऊन बसलेल्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, त्याला फक्त शहाच बाहेर काढू शकायचा. याला 'बस्त' म्हणत. कर्जबुडवेही तिथे ठाण मांडायचे, खुनीही. तेवढ्या वेळात बाहेर खुन्याचे नातेवाईक मयताच्या वारसांशी रकमेची घासाघीस करत.