रुडॉल्फची गाडी आणि शेवटून तिसरी ओळ

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते. रुडॉल्फ म्हणजे अमेरिकेतल्या ख्रिसमसच्या टीव्ही कार्यक्रमातलं लाल नाकाचं हरीण, आणि चार्ली ब्राउन हा तशाच एका ख्रिसमस कार्टूनमधला मुलगा.

"नमस्कार ताई. वय ४३, आयटीत आहे, पगार दीड लाख डॉलर. बायको अर्धवेळ नोकरी करते. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. मागच्या वर्षी जाहिरात बघून रुडॉल्फची मॉडेल ट्रेन घ्यायला सुरुवात केली. दर महिन्याला एक नग येतो, ८० डॉलर आणि वर पोस्टेज, म्हणजे ९० धरा. आतापर्यंत १४ आले. इंजिनाच्या पुढे लाल नाक पेटतं, मुलं खूश आहेत. प्रत्येक नगाबरोबर नंबर घातलेलं सर्टिफिकेट येतं, 'लिमिटेड एडिशन' म्हणून. आता ऑफिसातला एक सहकारी चार्ली ब्राउनच्या ख्रिसमसचा अख्खा सेट, सील न तोडलेला, २,४०० डॉलरला देतोय. म्हणतो, नऊ वर्षांत तिप्पट. मुलीच्या कॉलेजसाठी अशी वस्तू घेऊन ठेवावी का? आणि रुडॉल्फचा सेट पूर्ण करावा का? बाकी आमचं प्लॅनिंग झालेलं आहे. तीन वर्षांपूर्वी मंडळातल्या एका दादांनी आययूएल [शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा] करून दिलं, महिना ९००, त्यात इन्शुरन्स, कॉलेज, रिटायरमेंट तिन्ही बसतं, म्हणून ४०१ के [नोकरीतलं निवृत्ती बचत खातं] बंद केलं. घराचं कर्ज ४ लाख २० हजार उरलंय. स्टेटमेंट जोडलं आहे, पण प्रश्न ट्रेनचाच आहे."

ट्रेनचं आधी उरकते.

सहकाऱ्याचा सेट घेऊ नका. नऊ वर्षांत तिप्पट म्हणजे दरवर्षी १३ टक्के. एवढा परतावा सातत्याने देणारी खेळणी असती तर पेन्शन फंडांनी गोदामं भरून ठेवली असती. जुन्या ट्रेनला भाव येतो हे खरं आहे, पण का येतो ते बघा. लायनेल ही अमेरिकेतली सर्वांत प्रसिद्ध खेळण्यातल्या ट्रेनची कंपनी. तिचे कारखाने आयर्व्हिंग्टन आणि हिलसाइडला होते, तुमच्या घरापासून फार लांब नाही. १९५० च्या दशकात तिथून निघालेल्या गाड्या पोरांनी गालिच्यावर पळवल्या, पायाखाली तुडवल्या, खोकी फाडून टाकली. त्यातून खोक्यासकट धड राहिलेली गाडी म्हणून दुर्मीळ. तुमच्या १४ नगांची खोकी कुठे आहेत? बेसमेंटमध्ये, नीट रचून. तशीच ती प्रत्येक ग्राहकाच्या बेसमेंटमध्ये आहेत, कारण सगळ्यांनाच सांगितलंय की खोकं जपा. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार?

सर्टिफिकेटवर नगांची एकूण संख्या छापली आहे का तेही बघा. संग्राह्य वस्तूंच्या धंद्यात 'लिमिटेड' या शब्दाची मर्यादा पुष्कळदा नगांची नसतेच, अमुक इतके दिवस उत्पादन चालेल एवढीच असते. तेवढ्या दिवसांत जेवढी मागणी, तेवढे नग.

आणि घेणार कोण? रुडॉल्फ पहिल्यांदा एनबीसीवर लागला ६ डिसेंबर १९६४ ला. चार्ली ब्राउन सीबीएसवर, ९ डिसेंबर १९६५ ला. तेव्हा सहा-सात वर्षांचं असलेलं पोर आज साठीच्या उत्तरार्धात आहे. या गाड्यांवर जीव टाकणारा, पैसे मोजणारा वर्ग मुख्यतः तोच. तुमची मुलगी कॉलेजला जाईल तेव्हा ही मंडळी पंचाहत्तरीच्या पुढेमागे असतील, मोठं घर विकून दोन खोल्यांत जायच्या तयारीत. म्हणजे तुम्ही विकायला काढाल त्याच सुमाराला तेही काढतील. लायनेलच्या १९५० च्या दशकातल्या साध्या गाड्यांचं आत्ता हेच चाललं आहे.

सहकारी तुम्हाला लिलावाची बातमी दाखवेल. दाखवू दे. १९६४ च्या कार्यक्रमासाठी बनवलेल्या रुडॉल्फ आणि सांता या दोन मूळ बाहुल्या २०२० मध्ये ३ लाख ६८ हजार डॉलरला गेल्या, हे खरं आहे. जपानमध्ये हाताने बनवलेल्या बाहुल्या त्या. तुमच्याकडे आहे ते साच्यातून निघालेलं. रुडॉल्फचा जन्मच मुळी १९३९ साली माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने ग्राहकांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेतला, आणि १९६४ च्या कार्यक्रमाचा प्रायोजक होता जनरल इलेक्ट्रिक, ज्याला घरगुती विजेची उपकरणं खपवायची होती. हे हरीण पहिल्यापासून सेल्समध्येच आहे.

समजा २,४०० चे खरंच ४,८०० झाले. विक्रीच्या साइटचं कमिशन साधारण १३ टक्के, वर जड खोकं पाठवायचा खर्च. उरलेल्या नफ्यावर कर, आणि संग्राह्य वस्तूंना दीर्घ मुदतीचा कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, जिथे शेअर्सवर तुम्हाला १५ पडला असता. तोटा झाला तर ती घरगुती वस्तू ठरू शकते, मग वजावट नाही. विश्वास नसेल तर ईबेवर जा आणि मागितलेला भाव बघू नका, 'सोल्ड' चा फिल्टर लावून प्रत्यक्ष विकलेल्या किमती बघा. नाहीतर ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला ट्रेनवाल्यांचा मोठा मेळावा भरतो तिथे एक चक्कर मारा. ८० ला घेतलेले डबे कितीला पडून आहेत ते टेबलावर दिसेल.

रुडॉल्फचा सेट पूर्ण करायची गरज नाही. फोन करून पुढचे नग थांबवा. पुढचा पाठवू नका एवढंच सांगायचं, कारण द्यायचं नाही. झालेले १,२६० डॉलर खेळण्यावर खर्च झाले असं समजा, आणि डिसेंबरात झाडाभोवती रूळ मांडून गाडी मनसोक्त पळवा. एखादा डबा मुलांना हवाच असेल तर जानेवारीत सेकंडहँड शोधा, ख्रिसमस उलटला की भाव उतरतात. खोकी टाकून द्या, बेसमेंट मोकळं होईल.

इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर संपलं. पण तुमच्या पत्रातली शेवटून तिसरी ओळ मी परत परत वाचली. 'म्हणून ४०१ के बंद केलं.' ही चार शब्दांची ओळ तुम्हाला सगळ्या डब्यांपेक्षा महाग पडली आहे.

तुमची कंपनी ४०१ के मध्ये पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर भरते, म्हणजे तुम्ही एक भरला की तीही एक, हे तुम्ही जोडलेल्या कागदांवरूनच कळतं. दीड लाखाचे ४ टक्के म्हणजे वर्षाला ६,०००. तीन वर्षं, १८,०००. हे पैसे पगाराचा भाग होते आणि तुम्ही ते कंपनीकडेच सोडून आलात. २,४०० च्या सेटवर पाय मागेपुढे होतो, तो व्हायलाच हवा. पण १८,००० गेले आणि पत्रात त्याला अर्धी ओळ.

आता दादांचं आययूएल, म्हणजे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ. 'बाजार चढला तर तुम्ही चढाल, पडला तर शून्याच्या खाली जाणार नाही, आणि सगळं टॅक्स फ्री.' एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत आपल्या लोकांच्या डायनिंग टेबलावर हे वाक्य मी ऐकलंय, बहुतेकदा चहा आणि चिवड्यासोबत. विकणारा ओळखीचा असतो, त्याची मुलं आपल्या मुलांबरोबर नाटकात असतात, म्हणून कोणी आकडे विचारत नाही.

विचारूया. तुमच्या पॉलिसीत वर्षाच्या परताव्याची वरची मर्यादा ९ टक्के आहे, बाजार कितीही चढो. बाजार पडलेलं एक वर्ष मुद्दाम धरू, म्हणजे दादांवर अन्याय नको. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक लाभांश धरून सुमारे १८ टक्के पडला, २०२३ ला २६ चढला, २०२४ ला २५. साध्या इंडेक्स फंडात १०० चे तीन वर्षांत साधारण १२९ झाले. तुमच्या पद्धतीने शून्य, नऊ, नऊ: ११९. म्हणजे ज्या पडझडीची भीती घालून हे विकलं, ती पडझड धरूनही मागे. शिवाय हे ११९ खर्च कापायच्या आधीचे. लाभांश तुम्हाला मिळत नाही, हप्त्यातून आधीच कात्री लागते, विम्याचा खर्च वयाबरोबर दरवर्षी वाढतो, आणि परतावा शून्य असलेल्या वर्षीही हे खर्च कापले जातातच. 'शून्याच्या खाली नाही' हे फक्त व्याजाच्या रकान्याबद्दल आहे, तुमच्या शिलकीबद्दल नाही. ती ९ ची मर्यादाही कंपनी बदलू शकते. त्याच रुडॉल्फच्या कार्यक्रमात नको असलेल्या खेळण्यांच्या बेटावर एक गाडी आहे, शेवटच्या डब्याला चौकोनी चाकं असलेली. दिसायला गाडीच. हे प्रॉडक्ट तसं आहे.

तुमचं स्टेटमेंट हेच सांगतं. भरले ३२,४००. खात्यात दिसतात २४,०००. आज मोडलं तर हातात ११,०००, कारण सरेंडर चार्ज, म्हणजे मुदतीआधी मोडल्याची कपात, १३,०००. तो बारा वर्षं टप्प्याटप्प्याने उतरत जाणार, म्हणजे पूर्ण सुटका होईल ती मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षात असेल तेव्हा. कॉलेजसाठी म्हणून घेतलेली पॉलिसी!

आणि विमा किती? ५ लाख. तुम्हाला काही झालं तर बायको घराचं कर्ज फेडेल आणि तिच्या हातात ८०,००० राहतील, दोन मुलं आणि अर्ध्या वेळची नोकरी. महिना ९०० मोजून तुम्ही अपुरा विमा घेतला आहे. तुमच्या वयाच्या, तब्येत चांगली असलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला १० लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म इन्शुरन्स महिना ९०-१०० डॉलरच्या आसपास मिळतो. तुमचा ट्रेनचा एक नग.

गणित गोल आकड्यांत करते. वर्षाचे १०,८००. त्यातले १,२०० टर्मला. ६,००० तुम्ही ४०१ के मध्ये टाका, कंपनीचे ६,००० वर. कर वाचल्यामुळे हातात येणाऱ्या पगारातून जेमतेम ४,७०० कमी होतील. उरले ४,९००, ते ५,००० करून मुलीच्या नावाने ५२९ प्लॅनमध्ये, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात. नऊ वर्षांनी ४०१ के मध्ये, ६ टक्के धरले तर, १ लाख ३८ हजार. ५२९ मध्ये ५ टक्क्यांनी ५५ हजार. आज सुटणारे ११,००० तिथेच टाकले तर त्यांचे १७ हजार. सगळे मिळून २ लाख १० हजार. ४०१ के वर पुढे कर लागेल, तो २२ टक्के आत्ताच कापला तरी १ लाख ८० हजार. दादांच्या रंगीत इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या अंदाजाच्या तक्त्यात, त्यांच्याच ६.४ टक्क्यांच्या अपेक्षेने, त्या वर्षी १ लाख ४० हजार दिसतात. त्याच पानावर उजवीकडे बारीक अक्षरात 'गॅरंटीड' रकाना आहे. तो तुम्हाला वाचून दाखवला होता का? त्यात पॉलिसी तुमच्या एकाहत्तराव्या वर्षी बंद पडते.

'पण कॉलेजसाठी लोन काढता येतं, टॅक्स फ्री.' येतं. स्वतःच्याच पैशावर व्याज भरून. आणि लोन डोक्यावर असताना पॉलिसी बंद पडली तर त्यातल्या नफ्यावर साधा उत्पन्नाचा कर एकदम लागतो. श्रीमंतांचं रॉथ (रॉथ म्हणजे निवृत्तीनंतर पैसे करमुक्त देणारं खातं) म्हणून जे विकलं जातं ते हे. ज्यांनी रॉथ, ४०१ के, सगळ्या मर्यादा भरून टाकल्या आहेत आणि तरीही पैसा उरतो, त्यांच्यासाठी क्वचित एखादी नीट रचलेली पॉलिसी ठीक असेल. तुम्ही त्या रांगेत नाही, आणि दीड लाख पगार व सव्वाचार लाखांचं कर्ज असलेल्या माणसाला त्या रांगेत उभं करणाऱ्याने पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा हिस्सा कमिशन म्हणून घेतलेला असतो.

आता घाईत पॉलिसी मोडू नका. सोमवारी ऑफिसच्या पोर्टलवर जाऊन ४०१ के मध्ये ४ टक्के चालू करा, त्याला दादांची परवानगी लागत नाही. त्याच आठवड्यात टर्मचा अर्ज करा, तुमचा १० लाखांचा आणि बायकोचा लहानसा. मेडिकल होऊन टर्मची पॉलिसी हातात येईपर्यंत आययूएल तसंच राहू दे. मध्येच काही निघालं तर तोच एक विमा तुमच्याकडे असेल. दरम्यान विमा कंपनीला थेट फोन करा, दादांमार्फत नको, आणि 'इन-फोर्स इलस्ट्रेशन', म्हणजे चालू पॉलिसीचा पुढचा अंदाज, ४ टक्क्यांनी मागा, गॅरंटीड रकान्यासकट.

टर्म आल्यावर दोन वाटा आहेत. एक, सरळ सरेंडर करून ११,००० घ्यायचे. २१,००० चा तोटा करात वजा होत नाही. दुसरी, तेच ११,००० '१०३५ एक्स्चेंज' करून, म्हणजे लगेच कर न लागता, कमी खर्चाच्या ॲन्युइटीत (विमा कंपनीच्या निवृत्ती खात्यात) न्यायचे. तिथे तुमची मूळ किंमत ३२,४०० च धरली जाते, त्यामुळे पुढच्या २१,००० वाढीवर कर नाही. पण ॲन्युइटी ही निवृत्तीसाठीची वस्तू, मुलीच्या कॉलेजला सोयीची नाही, म्हणून मी पहिली वाट घेईन. भरलेले ३२,४०० परत येणार नाहीत या विचाराने आणखी नऊ वर्षांचे ९७,००० त्यात टाकत राहणं मला पटत नाही.

दादा घरी येतील. पॉलिसी मोडतोय हे कंपनीकडून त्यांना कळतंच. 'अजून दोन वर्षं थांबा, सरेंडर चार्ज कमी होईल' असं म्हणतील. दोन वर्षांत चार्ज दोन-तीन हजारांनी उतरेल, आणि तुम्ही त्यासाठी २१,६०० भराल. दुसरी, 'सुधारित' पॉलिसीही बॅगेत असेल. चहा द्या, कागद ठेवून घ्या, सही कशावरच करू नका. इन-फोर्स इलस्ट्रेशनची पानं आली की मला पाठवा, हप्ता कधी थांबवायचा त्याची तारीख ती बघून सांगते.