चिनी लिहायला-वाचायला शिकायचं तर पुस्तकं कोणती घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की ॲपवर वर्षभर चिनी बोलण्याचा सराव झालाय, आता लिहिता-वाचता यायला हवं, तर एकच चांगलं पुस्तक सांगा. एकात भागत नाही. आणि त्याआधी लिपी कुठली हवी ते ठरवा.

मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन चीनमधून येतात म्हणून शिकायला लागलो. दोन वर्षं घासल्यावर एक दिवस तैवानचं मशीन आलं आणि पॅनेलवरचं 'चालू' नि 'बंद'च मला वाचता येईना! चीनने १९५६ पासून अक्षरं सोपी करत नेली, तैवान-हाँगकाँगमध्ये जुनीच चालतात. जुन्या 'खाय' (उघडणे) आणि 'क्वान' (मिटणे) या दोन्ही अक्षरांत दरवाजा असतो. सोप्या रूपांतून तो दरवाजाच काढून टाकलाय. तेव्हा काम कोणाशी पडणार ते बघून आवृत्ती घ्या.

मुख्य पुस्तक म्हणून मी 'एचएसके स्टँडर्ड कोर्स' सांगेन. एचएसके म्हणजे चीनची परदेशी लोकांसाठीची चिनी भाषेची परीक्षा. पाठ्यपुस्तक आणि वर्कबुक वेगवेगळं असतं, दोन्ही घ्या. त्यात परीक्षेच्या जुन्या रचनेप्रमाणे पहिल्या पातळीला १५० शब्द, दुसरीपर्यंत ३००, तिसरीपर्यंत ६००. आता परीक्षेची नऊ पातळ्यांची नवी रचना आली आहे, म्हणून परीक्षा द्यायची असेल तर आवृत्ती बघून घ्या. नुसतं शिकायचं असेल तर जुनं सेकंडहँड चालतं.

कुठलंही पुस्तक घेताना मधलंच पान उघडून बघा. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर पिनयिन, म्हणजे रोमन लिपीत त्याचा उच्चार, छापलं असेल तर डोळा तिकडेच जाणार. मी सहा महिने 'वाचत' होतो ते पिनयिनच होतं, पट्टीने झाकल्यावर कळलं. बाकी पिनयिनचा बाऊ करू नका. त्यातला 'बी' म्हणजे आपला 'प', 'जी' म्हणजे 'क', 'झेड' म्हणजे 'चोर'मधला 'च'. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात, आपल्याला ते आयतं आहे. सूर, म्हणजे अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मात्र कानानेच शिकावे लागतात.

दुसरं पुस्तक अक्षरांची फोड करून दाखवणारं हवं. हायसिग आणि रिचर्डसन यांचं 'रिमेंबरिंग द हान्झी' लोक डोक्यावर घेतात. पहिल्या भागात १५०० अक्षरं आहेत, पण धड्यांत उच्चार शिकवलेलेच नाहीत. तुम्हाला बोलता येतं, मग ते भांडवल वाया का घालवायचं? बहुतेक अक्षरांचा एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. 'छिंग' असा उच्चार सुचवणारा एक भाग आहे. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिले की 'नितळ', सूर्य ठेवला की 'निरभ्र', बोलण्याची खूण ठेवली की 'विनंती', मन ठेवलं की 'भावना'. चारही छिंगच, फरक असला तर फक्त सुराचा; 'निरभ्र' आणि 'भावना' यांचा तर सूरही एकच. अशी कुटुंबं एकत्र मांडणारं जे पुस्तक मिळेल ते घ्या.

तिसरं, गोष्टींची पुस्तकं. 'मँडरिन कम्पॅनियन'ची पहिली पातळी ३०० अक्षरांत बसवलेली आहे. त्यात शेरलॉक होम्सची लाल केसांची गोष्ट कुरळ्या केसांची होते, कारण चीनमध्ये लाल केस आणायचे कुठून! महिन्याला एक संपवा, अडलं तरी पुढे जा.

लिहिण्यासाठी महागडं सरावपुस्तक नको. शाळेची गणिताची चौकटीची वही घ्या आणि चार चौकटी मिळून एक अक्षर लिहा. चिनी मुलांच्या वहीतही चौकोनाचे असेच चार भाग असतात. आधी आडवी रेघ, मग उभी. अक्षरालाच चारी बाजूंनी चौकट असेल तर आतलं सगळं लिहून झाल्यावर तळाची रेघ, म्हणजे माणसं घरात घेऊन मग दार लावायचं. मी एकेक अक्षर शंभरदा गिरवून वह्या भरल्या आणि तिसऱ्या दिवशी पाटी कोरी. आता रोज पाचच लिहितो, तीही पुस्तक मिटून.