वाचकांचे प्रश्न: बाबांच्या कपाटातलं कार्ड

प्रश्न: ताई नमस्कार, मी लालबागला राहते आणि प्रश्न माझ्या बाबांचा आहे. बाबा ७१ वर्षांचे, गेल्या वर्षी एफडी रिन्यू करायला ब्रांचमध्ये गेले तेव्हा तिथल्या मुलाने दोन-तीन जादा सह्या घेतल्या आणि म्हणाला काका क्रेडिट कार्ड येईल, लाइफटाइम फ्री आहे, नको असेल तर घरात पडून राहू द्या. कार्ड आलं, बाबांनी पाकीटसुद्धा फोडलं नाही, कपाटात लाइट बिलांच्या फाइलमध्ये तसंच आहे. आता त्यावर ४९९ ॲन्युअल फी आणि जीएसटी मिळून ५८९ लावले, ते भरले नाहीत म्हणून लेट फी, त्यावर व्याज, असं करत करत आकडा ४,३१२ वर गेलाय. ब्रांचवाले म्हणतात कार्डचं डिपार्टमेंट वेगळं, कस्टमर केअरला फोन करा. तिथे पंचवीस मिनिटं होल्डवर ठेवतात आणि मग म्हणतात कार्डहोल्डरला फोन द्या, बाबांना ऐकू कमी येतं, काही बोलणं होतच नाही. वसुलीवाल्यांचा फोन सकाळी साडेसातला येतो, बाबा पूजेला बसलेले असतात. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचे पाच रुपये बुडवले नाहीत तो आता फोन वाजला की दचकतो. म्हणतात, देऊन टाक, डोक्याला ताप नको. देऊन टाकू का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर: नका देऊ. निदान लगेच तरी नका देऊ. तुमचं पत्र वाचून मला खरंच राग आला, कारण मी २६ वर्षं बँकेत काउंटरला काढलीत आणि एफडीच्या कागदांत कार्डाचा फॉर्म सरकवायचा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय, मार्च जवळ आला की टार्गेटपायी हे हमखास व्हायचं, आणि सापडायची ती अशीच वयस्कर, विश्वासाने सही करणारी माणसं.

आता कामाचं बोलते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डाचे नियम काढले, त्यात स्पष्ट आहे की न मागता कार्ड द्यायचं नाही, आणि दिलेलं कार्ड ३० दिवसांत ॲक्टिव्हेट झालं नाही तर बँकेने ओटीपी पाठवून गिऱ्हाइकाची संमती घ्यायची, ती नाही मिळाली तर सात कामाच्या दिवसांत खातं बंद करायचं, तेही एक पैसा न लावता. म्हणजे बाबांनी कधी ओटीपी दिलाच नसेल तर ते ५८९ मुळातच लागायला नको होते, वरचं व्याज तर सोडाच. म्हणून आधी बाबांच्या मोबाइलमधले जुने मेसेज शांतपणे बघा, कुणाला फोनवर ओटीपी सांगितला होता का हेही विचारा, पण रागावून नको, घाबरून ते नाही म्हणतील.

मग फोन बंद आणि लिहिणं सुरू. फोनवर तुम्ही कितीही बोललात तरी उद्या दाखवायला हातात काय राहतं? बाबांच्या नावाने एक पानी पत्र करा, त्यात तीन गोष्टी मागा: अर्जाची कॉपी, कार्ड ॲक्टिव्हेट झाल्याचा ओटीपीचा रेकॉर्ड, आणि सगळे चार्जेस रिव्हर्स करून कार्ड बंद. एफडीवर लीन मार्क केलंय का, म्हणजे बँकेने ती तारण म्हणून अडकवून ठेवलीय का, तेही त्यातच विचारा, कारण कधीकधी असं कार्ड एफडीच्या तारणावर दिलेलं असतं आणि एफडी मोडायला गेल्यावरच घरच्यांना कळतं. पत्राच्या दोन प्रती न्या, एक ब्रांचला द्या आणि दुसरीवर शिक्का-सही-तारीख घेऊन पोच घ्या. 'डिपार्टमेंट वेगळं' म्हणाले तर म्हणायचं तुम्ही पुढे पाठवा, मला पोच द्या, आणि तिथून हलायचं नाही. तेच पत्र बँकेच्या वेबसाइटवर तक्रारीसाठी जो ईमेल दिलेला असतो त्यावरही टाका. कस्टमर केअरचा नंबर मात्र गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकून बसलेले चोर आहेत, कार्डामागचाच नंबर घ्या.

पत्र दिलं त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्यांच्या सीएमएस पोर्टलवर, म्हणजे तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार होते, फी काही नाही, अडलं तर १४४४८ वर विचारा. वकील लागत नाही, बाबांनी सही करून अधिकार दिला तर मुलगी म्हणून तुम्हीच सगळं करू शकता. पण आधी बँकेला लेखी दिलेलं असलं पाहिजे, नाहीतर तक्रार तिथेच परत येते, म्हणून त्या पोचेबद्दल एवढं सांगतेय.

साडेसातच्या फोनबद्दल. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडा. बाबांचा सिबिल रिपोर्टही, म्हणजे कर्ज आणि कार्डांच्या परतफेडीची नोंद असते तो, काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. ॲक्टिव्हेट न झालेल्या कार्डाची नोंद तिथे जायलाच नको, गेली असेल तर ती काढून टाका असंही त्याच पत्रात लिहा.

आणि समजा कार्ड ॲक्टिव्हेट झालेलं निघालंच, तर 'तक्रार कायम ठेवून भरतोय' असं लिहून पैसे भरा आणि लगेच कार्ड बंद करायची रिक्वेस्ट द्या. बाकी काही थकलेलं नसताना सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने बाबांना द्यायचे असतात. बाबांना एवढं नक्की सांगा, त्यांनी कुणाचं काही बुडवलेलं नाही.

प्रश्न: माझं कार्डाचं बिल ४० हजार झालं होतं. आठ महिने न चुकता मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) म्हणून २,००० भरतोय, कार्ड वापरणंही बंद केलंय, तरी बाकी हलतच नाही. बँक फसवतेय का?
— भांडुप

उत्तर: दादा, कागदावर मांडून बघा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ४० हजारावर १,४०० होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, झाले १,६५२. तुमच्या २,००० मधले मुद्दलात गेले फक्त ३४८. आठ महिन्यांत १६ हजार भरून जेमतेम तीन-सव्वातीन हजार उतरले. फसवणूक म्हणता येणार नाही, पण कार्ड विकताना हा हिशोब कुणी समोर बसवून सांगत नाही ही गोष्ट मला फार लागते.

घरात थोडं सोनं असेल तर सोनेतारण कर्ज काढून कार्ड एकदम मोकळं करा, व्याज कितीतरी कमी पडेल. नाहीतर पर्सनल लोन बघा किंवा बँकेला बाकी ईएमआयमध्ये करून मागा, पण हो म्हणायच्या आधी प्रोसेसिंग फीसकट एकूण किती भरावे लागणार ते ईमेलवर घ्या. आणि बाकी शून्य झाली की ॲपमध्ये ऑटो-डेबिटला 'मिनिमम ड्यू'वर टिक आहे का बघा, असेल तर त्याच दिवशी 'टोटल ड्यू' करा.