गाडीचं रिबिल्ड केलेलं पेट्रोल इंजिन बोटीत बसवता येईल का?

ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य सांगाडा) बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करून, नवे पिस्टन-रिंग टाकून तयार आहे आणि तो इनबोर्ड (इंजिन आत बसवलेल्या) बोटीत, खाऱ्या पाण्यात चालवायचा आहे, तर काय बदलावं लागेल, असा तुमचा प्रश्न आहे. ब्लॉक चालतो. बोटीची कितीतरी पेट्रोल इंजिनं मुळात गाडीच्याच ब्लॉकवर बांधलेली असतात. पण ब्लॉकला लागणारं जवळजवळ सगळं बदलतं, आणि त्यातलं काही जिवाशी निगडित आहे. तेच आधी सांगतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खालून निघून जाते, बोटीत तळाशी साचून राहते. म्हणून गाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर लावू नका, दिसायला हुबेहूब असले तरीही. मरीन, म्हणजे बोटीसाठी बनवलेला, पार्ट आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू देत नाही. त्यावर ‘एसएई जे 1171’ (याच गुणाचं मानक) लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. कार्ब्युरेटरही मरीनच हवा, कारण फ्लोट (आतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकला तर त्यातलं जादा पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनकडे जाणाऱ्या घशातच जातं. गाडीच्या मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल खालच्या भोकातून ठिबकतं. मरीन पंपाला दोन डायफ्रॅम असतात आणि एक पारदर्शक नळी कार्ब्युरेटरला जाते. नळीत पेट्रोल दिसलं की पंप बदलायचा. एअर फिल्टरच्या जागी फ्लेम अरेस्टर (इंजिनातली ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) लावा, आणि स्टार्टर मारण्याआधी ब्लोअर (तळाची वाफ बाहेर फेकणारा पंखा) 4 मिनिटं चालवा.

आता पाणी. तुमच्या ब्लॉकने अजून खारं पाणी पाहिलेलं नाही, तर ते कधीच आत जाऊ देऊ नका. हीट एक्स्चेंजर लावा: ब्लॉकमध्ये कूलंट, समुद्राचं पाणी फक्त एक्स्चेंजर आणि एक्झॉस्टमध्ये. खर्च वाढतो, पण ब्लॉकचं आयुष्य त्यावरच ठरतं. थेट समुद्राचं पाणी फिरवलं तर थर्मोस्टॅट 60 अंश सेल्सियसच्या आसपासचा ठेवावा लागतो, नाहीतर क्षार जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटांमध्ये) धरतात; आणि बोअर करून पातळ झालेली सिलिंडरची भिंत मागच्या बाजूने गंजत जाते.

एक्स्चेंजर असला तरी कोअर प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांची भोकं बुजवणाऱ्या चकत्या) पितळी आणि हेड गॅस्केट मरीनचंच घाला. साध्या पत्र्याचे प्लग गंजून भोक पडतं. जुना प्लग एका कडेला ठोकला की आडवा फिरतो, मग पक्कडीने ओढून काढा. जागा एमरीने घासून चकचकीत करा, सीलंटचा पातळ थर द्या आणि बरोबर मापाच्या ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने), कडा चॅम्फरच्या (भोकाच्या तिरक्या कडेच्या) जरा आत जाईपर्यंत सरळ ठोका. फ्लायव्हीलमागचे प्लग विसरू नका. इंजिन बसल्यावर तिथे हात पोहोचत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याचं जॅकेट असलेलाच लागतो. एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं ती जागा, बोट पूर्ण भरलेली असताना पाणपातळीच्या निदान 30 सेंमी वर हवी, नाहीतर पाणी सिलिंडरपर्यंत येतं. इथेच कॅमशाफ्टचा मुद्दा येतो. जास्त ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) कॅम आयडलवर एक्झॉस्ट मागे ओढतो आणि त्याच्याबरोबर पाण्याचे थेंबही. सुरुवातीला एखाद-दुसऱ्या स्पार्क प्लगवर तांबूस गंज दिसतो, मग व्हॉल्व्हची सीट जाते. कमी ओव्हरलॅपचा मरीन कॅमच घ्या.

गाडी बहुतेक वेळ थोड्याच ताकदीवर पळते. बोट तासन् तास चढावर असल्यासारखी ओढत असते. त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट कडक धातूच्या हव्यात, आणि रिंग गॅप (पिस्टन-रिंगच्या टोकांमधली फट) दिलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला. जोडीची दोन इंजिनं असतील तर फिरण्याची दिशा आधीच तपासा. उलट्या दिशेला कॅम, स्टार्टर आणि मागचं ऑइल सील वेगळं येतं.

पाण्यात उतरवल्यावर भरलेल्या बोटीत फुल थ्रॉटल देऊन आरपीएम बघा. इंजिन ठरलेल्या कमाल आरपीएमपर्यंत पोहोचत नसेल तर प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात पुढे जाण्याचं त्याचं माप) कमी करा. तसंच रेटत राहिलात तर नॉकिंग होऊन पिस्टन जातात. पहिले काही दिवस प्रत्येक फेरीनंतर डिपस्टिक काढून पाहा. तेल दुधट दिसलं तर पाणी कुठून आलं ते त्याच दिवशी शोधा आणि गरम इंजिनमधून तेल दोन-तीनदा बदला, रात्रभर तसंच ठेवू नका.