काल्याख: चेटकी की जोगीण?

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडच्या गेलिक लोककथांत 'काल्याख' म्हणजे हिवाळा घेऊन येणारी भयंकर म्हातारी. मग बेनबेक्युला बेटावरच्या 'बाले नान काल्याख' या गावाला इंग्रजीत 'नन्टन', म्हणजे नन्सचं, ख्रिस्ती जोगिणींचं गाव, का म्हणतात? नाव इंग्रजीत नेणाऱ्याने घोळ घातला का?

घोळ नाही. इंग्रजी नावातच शब्दाचा जुना अर्थ टिकून राहिला आहे.

लॅटिनमध्ये 'पालिअम' म्हणजे अंगावरून घ्यायचं वस्त्र. ख्रिस्ती धर्माबरोबर हा शब्द आयर्लंडला पोचला तेव्हा तिथल्या भाषेत, म्हणजे स्कॉटलंडच्या गेलिकच्या आईत, 'प' हा उच्चारच नव्हता. त्यामुळे सुरुवातीला आलेल्या उसन्या शब्दांतल्या 'प'चा 'क' झाला. ईस्टरच्या 'पास्का'चं 'काश्क' झालं, जांभळ्या 'पुर्पुरा'चं 'कॉर्कुर' झालं आणि 'पालिअम'चं 'काल्ये' झालं, म्हणजे डोईवरून घ्यायचं वस्त्र. त्याला प्रत्यय लागून 'काल्याख': डोई झाकलेली, दीक्षा घेतलेली बाई. आयर्लंडच्या संत ब्रिजिडच्या डोक्यावर हे वस्त्र घालणाऱ्या बिशपचं नाव चरित्रांत 'माक काल्ये' असं येतं. शब्दशः अर्थ 'वस्त्राचा पुत्र'. नाव जरा जास्तच सोयीचं आहे, पण ते असो.

मग जोगिणीची म्हातारी कशी झाली? नवरा गेल्यावर, उतारवयात दीक्षा घेणाऱ्या बायका तेव्हा पुष्कळ होत्या. डोईवर वस्त्र असलेली बाई म्हणजे बहुधा वय झालेली बाई. दोन्ही अर्थ शेजारी नांदू लागले आणि कवींनी त्याचा फायदा घेतला. आयर्लंडमधल्या साधारण 900 च्या सुमाराच्या एका कवितेत, 'बेराच्या काल्याख'च्या (बेरा हा तिथला एक भाग) विलापात, एकेकाळी राजांबरोबर राहिलेली बाई आपल्या पिकल्या केसांबद्दल बोलते आणि म्हणते, आता त्यांवर एखादं भिकार 'काल्ये' आलं तर वाईट कशाला वाटून घ्यायचं. कवितेच्या गद्य प्रस्तावनेत सांगितलं आहे की तिला सात वेळा तारुण्य आलं, तिचे नवरे म्हातारे होऊन मेले, आणि कुमिने नावाच्या साधूने आशीर्वाद देऊन दिलेलं काल्ये तिने शंभर वर्षं डोक्यावर वागवलं. ही जोगीण की म्हातारी? माझ्या मते कवीला हा निवाडा होऊच द्यायचा नाही.

आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या वर्षवृत्तांतही असाच एक चिमटा आहे. 747 साली कू खुम्ने नावाचा विद्वान वारला, त्या नोंदीबरोबर एक चारोळी येते: याने अर्धी विद्या शिकली आणि उरलेली अर्धी 'काल्याखां'पायी सोडली. भाषांतरकारांपैकी कुणी इथे जोगिणी वाचतो, कुणी नुसत्या बायका. जोगिणी घेतल्या तर चारोळी जास्त झोंबते, म्हणून माझं मत तिकडेच.

स्कॉटलंडमधला सगळ्यात स्पष्ट पुरावा आयोना बेटावर आहे. 1200 च्या सुमारास तिकडच्या बेटांचा सत्ताधीश सोमरलेड याचा मुलगा रानल्ड याने तिथे जोगिणींचा मठ काढला आणि त्याची बहीण बेथाग तिथली पहिली प्रमुख झाली. क्लॅनरॅनल्ड घराण्याच्या गेलिक हस्तलिखितात तिच्याबद्दल म्हटलंय की ती 'नियमात राहणारी बाई आणि काळी काल्याख' होती आणि उत्तर उइस्ट बेटावरच्या कॅरिनिशचं चर्च तिने बांधलं. 'काळी' हे वेशावरून. आजही गेलिकमध्ये 'काल्याख घू', म्हणजे काळी काल्याख, हा ननसाठीचा शब्द आहे. आयोनाच्या त्या मठाचं स्थानिक नावही 'काळं चर्च' असंच. तिथल्या 1543 साली वारलेल्या अ‍ॅना मॅक्लीन या प्रमुखबाईंच्या थडग्याच्या दगडावर त्या मठाच्या वेशात कोरलेल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना त्यांची लाडकी छोटी कुत्री आहेत. नियमात राहणाऱ्या बाईंना एवढी सवलत होती म्हणायची.

1560 मध्ये स्कॉटलंडने पोपशी नातं तोडलं. जुने मठ संपले, 'काल्याख' म्हणावं अशी जोगीण रोजच्या जगण्यात उरली नाही. म्हातारी मात्र घरोघर होतीच. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या कॉरिव्रेकनच्या समुद्री भोवऱ्यात आपलं भलंमोठं अंगवस्त्र धुणारी हिवाळ्याची काल्याख, कापणीच्या शेवटच्या पेंढीचं नाव काल्याख, घुबड म्हणजे 'रात्रीची काल्याख': लोकांच्या तोंडी उरले ते हे अर्थ. ही म्हातारी ख्रिस्तपूर्व देवी असल्याचं हल्ली फार ठासून सांगितलं जातं. देवी जुनी असेलही. तिचं हे नाव मात्र चर्चच्या कपाटातून आलेलं आहे.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने गेली. 'स्थविर' म्हणजे वृद्ध. त्यावरून पालीत 'थेरी' ही ज्येष्ठ भिक्षुणी झाली, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत अशा थेरी भेटतात. त्याच मुळाचा मराठी वंशज म्हणजे आपला 'थेरडा' आणि त्याची 'थेरडी'. मान थेरीकडे गेला, शिवी आपल्या वाट्याला आली.

आता गावांच्या नावांबद्दल. नकाशावर 'नान काल्याख' असं अनेकवचन दिसलं आणि जमीन एकेकाळी चर्चची असेल, तर जोगिणी समजाव्यात, नन्टन त्यातलंच. एकवचन असेल आणि ते डोंगराला लागलं असेल, जसं स्काय बेटावरचं 'बेन ना काल्यिख', तर बहुधा लोककथेतली म्हातारी. लॉख लोमंड या सरोवरातल्या इंचकॅलॉख बेटाला कुणी 'म्हातारीचं बेट' म्हणतात, कुणी 'जोगिणींचं'. 733 च्या सुमारास वारलेल्या संत केंटिगर्नाशी ते जोडलं जातं आणि तिथे पुढे चर्चही होतं, तेव्हा मी जोगिणींच्या बाजूचा.