न्यूअर्कला उतरायचं की न्यूयॉर्कला?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत नाशिकहून येणार, घर जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या आसपास बघतेयस, ऑफिस मात्र फिलाडेल्फियात आणि आठवड्यातून दोन दिवस तिथे तोंड दाखवावं लागणार. संध्याकाळी अ‍ॅमट्रॅकने (अमेरिकेतली लांब पल्ल्याची रेल्वे) परत येताना न्यूअर्कला उतरून पाथ मेट्रो पकडायची, की सरळ न्यूयॉर्कला जाऊन तिथून मागे यायचं? शिवाय "न्यूअर्क रात्रीचं वाईट" असं कुणीतरी सांगितलंय, ते आईच्या कानावर गेलंय, आणि आता घरात रोज तोच विषय.

न्यूअर्कला उतर. मी चौदा वर्षं याच भागात राहतेय आणि त्यातली तीन वर्षं हाच प्रवास केलाय, म्हणून इतकं ठाम सांगते.

आधी नकाशा डोक्यात बसव. फिलाडेल्फियाहून येणारी गाडी ट्रेंटन, मेट्रोपार्क करत न्यूअर्कला येते, मग जर्सी सिटीला उत्तरेकडून वळसा घालून हडसन नदीखालून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये शिरते. म्हणजे तुझं घर मागे टाकून ती पुढे जाते. पुण्याहून येणाऱ्या माणसाचं घर ठाण्याला असेल आणि गाडी ठाण्याला थांबत असेल, तर तो सीएसएमटीपर्यंत जाऊन लोकलने परत येईल का? न्यूयॉर्कला उतरणं हे तसंच आहे. त्यात तो नदीखालचा बोगदा 1910 सालचा. दोनच नळ्या, प्रत्येकीत एकच रूळ. 2012 च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं, त्याची दुखणी अजून निघतात. एखादी गाडी आत अडकली की संध्याकाळच्या सगळ्या गाड्या मागे खोळंबतात. न्यूअर्कला उतरलीस की त्या भानगडीशी तुझा संबंधच उरत नाही.

पाथ म्हणजे न्यू जर्सी आणि मॅनहॅटन जोडणारी, नदीखालून जाणारी छोटी मेट्रो. न्यूयॉर्कच्या सबवेचा हा भाग नाही. व्यवस्था वेगळी, तिकीटही वेगळं. चोवीस तास चालते. न्यूअर्कहून वर्ल्ड ट्रेड सेंटरला जाणारी गाडी हॅरिसननंतर थेट जर्नल स्क्वेअरला थांबते, दहा-बारा मिनिटांत. पुढे ग्रोव्ह स्ट्रीट, एक्स्चेंज प्लेस.

आता सुरक्षिततेचं. स्टेशन बदलताना मी शहराचं नाव बघत नाही. दोनच गोष्टी बघते: छपराबाहेर किती पावलं चालावं लागतं, आणि रिकाम्या जागी किती मिनिटं उभं राहावं लागतं. न्यूअर्कला पहिल्याचं उत्तर शून्य आहे. तिथलं मुख्य स्टेशन, म्हणजे पेन स्टेशन, ही 1935 सालची एकच मोठी इमारत. फलाट वर, खाली प्रतीक्षागृह, लाकडी बाकं, भिंतीवर घोडागाडीपासून विमानापर्यंतच्या वाहनांची गोल शिल्पं (एकदा मान वर करून बघ, रोजचे लोक कधी बघत नाहीत). पाथ त्याच छपराखाली. जर्सी सिटीकडे जाणारी पाथ एक नंबरच्या रुळाच्या फलाटावरूनच सुटते. तुझी गाडी एक नंबरला लागली तर फलाट ओलांडला की झालं. दुसरीकडे लागली तर जिना उतरायचा, पाथची पाटी बघत चालायचं आणि पुन्हा जिना चढायचा. एवढंच.

मी पहिल्यांदा आले तेव्हा फोनमधल्या नकाशावर भरवसा ठेवला. त्याने मला स्टेशनबाहेर काढलं. फेब्रुवारीचा महिना, हातात चाकाची बॅग, तिचं एक चाक बर्फात रुतलेलं, आणि मी इमारतीला प्रदक्षिणा घालतेय. मारुतीला घालतात तशी. शेवटी एका सफाई कामगार बाईंना विचारलं, त्यांनी हसून बोट आत दाखवलं. मी उतरले त्याच फलाटाच्या पलीकडच्या कडेला पाथ उभी होती. तेव्हा न्यूअर्कला फोन खिशात आणि नजर पाट्यांवर. आणखी एक गंमत: मॅनहॅटनकडून येणारी पाथ वेगळ्या, वरच्या मजल्यावर रिकामी होते. सकाळी फिलाडेल्फियाला जाताना तू तिथे उतरशील आणि "काल मी इथून चढले नव्हते" असं वाटेल. घाबरू नकोस, लोकांबरोबर खाली ये.

न्यूयॉर्कचं गणित वेगळं. तिथल्याही मुख्य स्टेशनचं नाव पेन स्टेशनच, पण पाथ त्यात येतच नाही. ती सुटते 33व्या रस्त्यावर, सहाव्या अ‍ॅव्हेन्यूपाशी. तू उतरणार सातव्या-आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या दरम्यान. 2021 ला उघडलेल्या मोयनिहान हॉलमधून बाहेर पडलीस तर आठव्याच्याही पलीकडून. तिथल्या दोन अ‍ॅव्हेन्यूंमधलं अंतर लांबलचक असतं. सामान घेऊन दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावरून. पूर्वी खालून एक भुयारी वाट होती, ती 1980 च्या दशकातच बंद झाली. रस्ता उजेडाचा आहे, माणसं भरपूर, त्यामुळे तोही धोक्याचा म्हणणार नाही. पण स्टेशनच्या डोक्यावरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये (मोठं बंदिस्त स्टेडियम) सामना किंवा मैफल सुटली की ती गर्दी अंगावर येते. खिसा आणि बॅग सांभाळण्याच्या दृष्टीने मला न्यूअर्कपेक्षा तिथे जास्त सावध राहावं लागतं. वर पाथचा वीसेक मिनिटांचा प्रवास, आणि रात्री उशिरा ती गाडी होबोकनला वळसा घालून येते.

आईला जे ऐकू आलंय ते निव्वळ खोटं नाही. 1967 च्या दंगलींपासून न्यूअर्कचं नाव जे खराब झालं ते पुढची पिढीही तसंच बोलत राहिली. शहराच्या काही भागांत रात्री मीही पायी जाणार नाही. पण तुला शहरात जायचंच नाहीये, तुला एक जिना उतरून दुसरा चढायचाय. स्टेशनात बेघर माणसं असतात, एखादा स्वतःशी मोठ्याने बोलत असतो, कुणी "ट्रेंटनच्या तिकिटाला चार डॉलर कमी पडतायत" म्हणत येतो. त्या माणसाला मी तीन वर्षांत निदान सहादा भेटलेय, ट्रेंटनला अजून पोचलेला नाही बिचारा. मान हलवायची, "सॉरी" म्हणायचं, चालत राहायचं. थांबून पाकीट काढायचं नाही. तिकिटाच्या मशीनपाशी कुणी आपणहून मदतीला आला तर "नको" म्हण. मशीनची तुला गरजही नाही, पाथच्या फाटकावर बँकेचं कार्ड नुसतं टेकवलं तरी चालतं. 2025 च्या जानेवारीत भाडं तीन डॉलर झालं, पुढे थोडं थोडं वाढतच जाणार असं धरून चाल. इथलं कार्ड हातात येईपर्यंत भारतातल्या कार्डावर परदेशातला टॅप-व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून ठेव, आणि ते एकच कार्ड कोटाच्या बाहेरच्या खिशात. पाकीट आतच राहू दे.

खरा धोका मला विचारशील तर नावांचा. न्यूअर्क पेन स्टेशन आणि न्यूयॉर्क पेन स्टेशन. दमलेल्या कंडक्टरच्या तोंडून, खडखडाटात, दोन्ही सारखीच ऐकू येतात. त्यात न्यूअर्क विमानतळ हे तिसरंच स्टेशन, तुझ्या आधीचं. काही गाड्या तिथेही थांबतात. आणि डेलावेअर राज्यात आणखी एक न्यूअर्क आहे, तिथेही अ‍ॅमट्रॅक जाते! तिकीट काढताना स्टेशनचं लघुरूप बघ: आपलं एनडब्ल्यूके, डेलावेअरचं एनआरके. गाडीत बसल्यावर उजवीकडे विमानं दिसायला लागली की कोट चढव, पुढच्या काही मिनिटांत उतरायचंय. शांतता डब्यात (जिथे आवाजाला मनाई असते) बसलीस तर गजर कंपनावर ठेव. मी एकदा डुलकी काढली, डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर बोगद्याचा काळोख. मग ती 33व्या रस्त्याची पायपीट, डिसेंबरात.

डिसेंबरवरून आठवलं. तू "अंधार पडायच्या आत पोचेन" असं लिहिलंयस. अगं, इथे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. तू येशील तेव्हा जानेवारीतही पाचच्या आसपास. अंधाराचा हिशोब इथे सोडूनच दे, गर्दीचा धर. पाच ते साडेसात न्यूअर्कला ऑफिसातून सुटलेल्यांचा लोंढा असतो, त्यात तू एकटी पडतच नाहीस. नऊपर्यंतही वर्दळ बरी. त्यानंतर पाथ विरळ होत जाते, म्हणजे माझा दुसरा निकष, ताटकळण्याची मिनिटं, बिघडायला लागतो. अकरानंतर पोचत असशील तर वेळापत्रक आधी बघ. वीस मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर आतूनच टॅक्सी बोलाव, तिचा नंबर जुळला की मगच दाराबाहेर ये. फलाटावर कडेला एकटी थांबू नकोस, माणसं उभी असतील तिथे थांब. आणि भरलेल्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर त्यात चढू नकोस. तो रिकामा का आहे ते बाकीच्यांना माहीत असतं.

गाडी निवडताना शेवटची कधीच धरू नकोस, तिच्या आधीची धर. ट्रेंटनला गाडी बदलून येणारा स्वस्त मार्गही आहे: सेप्टाने (फिलाडेल्फियाची लोकल) ट्रेंटन, पुढे एनजे ट्रान्झिटने (न्यू जर्सीची लोकल) न्यूअर्क. पैसे बरेच वाचतात, वेळ दुप्पट लागतो. दिवसा खुशाल कर. रात्री नको, पुढची गाडी चुकली तर ट्रेंटनच्या फलाटावर बसावं लागतं.

फिलाडेल्फियाचं टोक सोपं आहे, पण एक लक्षात ठेव. तिथे मेट्रो मुख्य स्टेशनाच्या आत नाही, 30वा रस्ता ओलांडून जावं लागतं. ऑफिस मार्केट स्ट्रीटवर आहे म्हणतेस, तर संध्याकाळी मेट्रोतून वर येऊन रस्ता ओलांड आणि थेट मोठ्या दालनात जा. तिथे पंखवाल्या देवदूताचा उंचच उंच पुतळा आहे, त्याच्या आसपास बस. माणसं, दिवे, कॉफी, सगळं तिथेच.

घराचं मात्र अजून पक्कं करू नकोस. तू सगळा प्रश्न गाडी बदलण्याबद्दल विचारलास, आणि जर्नल स्क्वेअरला उतरल्यानंतरच्या चालण्याबद्दल एक शब्द नाही. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरची आपली दुकानं जिथे आहेत तो पट्टा रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत जागा असतो, पण त्याच्या आडव्या गल्ल्या आठलाच चिडीचूप. भाड्याचा करार करण्याआधी निदान एकदा, आठवड्याच्या मधल्या वारी, रात्री नऊला स्टेशनपासून त्या घरापर्यंत चालून बघ. नाशिकहून जमणार नाही, म्हणून पत्ते मला पाठव. दोन-तीन असतील तर मी आणि माझा नवरा जेवल्यावर तसेही फिरायला निघतो, बघून सांगते.