सिलिकॉनच्या टेराहर्ट्झ रेझोनेटरची फ्रिक्वेन्सी तो बनवून झाल्यावर बदलता येते का?

येते की. पण आधी सांगा भो, हलवायची किती आहे? तुम्ही लिहिलंय की 4 मिलिमीटर व्यासाची सिलिकॉन डिस्क (हाच रेझोनेटर, ठराविक फ्रिक्वेन्सीलाच लहर आत घुमते) बनवून आणली, डिप (त्या फ्रिक्वेन्सीला सिग्नलमध्ये पडणारा खड्डा) पाहिजे त्या जागेच्या जरा बाजूला येतोय, आणि आता ती घासून बारीक करू का. घासू नका!

आमच्या चोपड्याकडे भजनाला बसायच्या आधी मृदंगवाले बाबा डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. जास्त थापली की आवाज खाली, जराशी खरवडली की वर. खोड तासायला कोणी बसत नाही. तुमच्या डिस्कलाही कणीकच लावायचीय.

डिस्कच्या कडेने लहर फिरते आणि एका फेरीत पूर्ण आकड्यातच लहरी बसल्या तर रेझोनन्स, 0.6 टेराहर्ट्झला (एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला लाख कोटी कंपनं) तुमच्या डिस्कमध्ये सत्तर-ऐंशीच्या घरात बसत असतील. म्हणजे घेर बदला नाहीतर लहरीला जाणवणारा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (लहर किती मंदावते तो आकडा) बदला, तिसरा रस्ता नाही. सिलिकॉनचा इंडेक्स 3.42, तापवलं की किंचित वाढतो, म्हणून फ्रिक्वेन्सी खाली येते (डफ शेकला की चढतो, हे उलटं), अंशाला साधारण 30 मेगाहर्ट्झ. क्यू फॅक्टर (रेझोनन्स किती टोकदार तो आकडा, फ्रिक्वेन्सी भागिले डिपची रुंदी) 15,000 असेल तर डिपची रुंदी 40 मेगाहर्ट्झ, म्हणजे दीड अंशात डिप स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. बारीक ट्यूनिंगला याच्यापेक्षा सोपं काही नाही, खाली पेल्टिअर (विजेवर तापणारी-गार होणारी चकती) चिकटवा, होल्डरला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावा, झालं. पण शेजारचा मोड (एक लहर कमी-जास्त बसणारा रेझोनन्स) जवळपास 7 गिगाहर्ट्झवर आहे, तिथपर्यंत नुसत्या उष्णतेने जायचं म्हटलं तर दोनशे अंशांच्या वर तापवावं लागेल, ते काही खरं नाही.

तिथे कणीक. डिस्कच्या बाहेर लहरीचं थोडं शेपूट हवेत असतं, त्यात प्लास्टिकची पातळ पत्री हळूहळू जवळ आणली की इंडेक्स वाढल्यासारखं होतं आणि डिप खाली सरकतो. टेराहर्ट्झची मजा इथे आहे, तरंगलांबी अर्धा मिलिमीटर असल्याने अंतर दहा-वीस मायक्रॉनच्या पायरीने बदललं तरी फरक दिसतो, वर्कशॉपमधल्या मायक्रोमीटर स्क्रूवर भागतं. टेफ्लॉन किंवा पॉलिइथिलीन घ्या, सिलिकॉनची जाड पत्री नको, तिच्यात लहरच गळून जाते आणि डिप पसरट होतो. आणि हे करताना वेव्हगाइडला (डिस्कपर्यंत लहर आणणाऱ्या वाटेला) हात लावू नका, त्याचं अंतर बदललं तरी डिप हलतो, मग कशाने हलला ते कळत नाही.

लेझरने पण होतं, सिलिकॉनवर 800 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की चार्ज सुटतात, इंडेक्स घटतो, फ्रिक्वेन्सी वर जाते. झटपट काम, पण तेच चार्ज लहर शोषतात आणि क्यू खातात. स्विच बनवायचा असेल तरच त्या भानगडीत पडा.

आता आमची फजिती. मे महिन्यात जळगावला महिनाभर सेटअप लावला होता, बाहेर 44, लॅबचा एसी बंद, म्हणून कोणीतरी कूलर आणून ठेवला. डिप सकाळी एका जागी, दुपारी दोनशे मेगाहर्ट्झ खाली, रात्री परत वर, आम्ही दोन दिवस लहर सोडणाऱ्या सोर्सला शिव्या घातल्या. शेवटी एकाने डिस्कशेजारी थर्मामीटर ठेवला तर सकाळी 30, दुपारी 37, सात अंशांचे दोनशे, हिशोब तिथल्या तिथे जुळला. आणि कूलरची ओली हवा वेगळीच, पाण्याच्या वाफेची शोषणरेषा 0.557 टेराहर्ट्झला आहे, त्या बाजूला सिग्नल पार बसला होता, आम्ही अलाइनमेंट चाळत बसलो! शेवटी कूलर बाहेर काढला, ॲक्रिलिकची पेटी केली, आत कोरडा नायट्रोजन सोडला, मग कुठे डिप एका जागी थांबला.

म्हणून पत्री-बित्री आणण्याआधी एक दिवस काही न करता डिप आणि तापमान दोन्ही दर दहा मिनिटांनी लिहून काढा. तुमचा डिप नक्की किती बाजूला आहे, आणि त्याची रुंदी किती, हे दोन आकडे द्या, मग पेल्टिअरवर भागेल का पत्री लागेल ते सांगतो.